टेम्पो जातो

केळदच्या मावशींना फोन लावला तेव्हा मी वही उघडून बसले होते. वहीत रकाने आखले होते : ओढ्याला पाणी किती, खड्डे कुठे, गाडी वळवायला जागा आहे का. मावशींची ओळख तशी जेवणापुरतीच. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खाल्ली होती आणि नंबर घेतला होता. केळद हे वेल्हे तालुक्यातलं (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय) अगदी टोकाचं गाव. त्याच्या पुढे सह्याद्रीचा कडा आणि खाली कोकण. तेव्हा गाव संपलं की डांबरही संपायचं आणि मढे घाटाच्या तोंडापर्यंत मातीची गाडीवाट जायची. त्या वाटेवर मला सात वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा यांना घेऊन गाडी न्यायची होती.

माझे सगळे प्रश्न मावशींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "रस्ता चांगलाय की. टेम्पो जातो."

वहीत मी तेवढंच लिहिलं. रकाने रिकामेच राहिले.

पुण्यात आम्ही हौशी गाडीवाले एकत्र बसलो की वाट किती वाईट होती याच्या फुशारक्या चालतात. कुणाचं चाक कसं हवेत लटकलं, कुणाला बाहेर ओढायला ट्रॅक्टर आणावा लागला. गावात त्याच वाटेबद्दल विचारलं तर ती किती चांगली आहे हे सांगतात, कारण त्यांना रोज तिथून दूध, सिमेंटची पोती आणि बाळंतीण न्यायची असते. एरवी मी पहिल्या कंपूतली. पण पोरं बरोबर असली की माणूस गुपचूप दुसऱ्या कंपूत जातो. मला चांगली वाईट वाट हवी होती.

याला कारण मागच्या ऑगस्टमधली फजिती. दुसऱ्याच एका खोऱ्यात आम्ही वीसेक किलोमीटरची मातीची वाट निवडली होती. नकाशावर ती फार देखणी दिसत होती. निम्म्यावर गाडी चिखलात पोटापर्यंत बसली. तीन तास गेले. धाकट्याला दोनदा उलटी झाली, आणि थोरलीने अत्यंत नम्रपणे विचारलं, "आई, आपण मजा करायलाच आलोय ना?" त्या प्रश्नानंतर नवरा घरापर्यंत काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून माझं मोजमाप बदललं. गाडी कुठवर जाईल हे बघायचं सोडून धाकटा कुठवर जाईल हे बघू लागले. तो जेवायला एका जागी जेमतेम वीस मिनिटं बसतो. म्हणजे मातीवर एका दमात वीसच मिनिटं. मग उतरायचं, दगड मारायचे, शू करायची, पुन्हा वीस मिनिटं. या हिशेबाने वीस किलोमीटरची वाट आपोआप बाद होते, चार-पाचाची उरते. शिवाय मुलं बसतात मागे, बरोबर मागच्या चाकांवर. मला स्टिअरिंगपाशी जो हिसका वाटतो तो तिथे पोचेपर्यंत दणका झालेला असतो. अंगाच्या मानाने जड अशी त्यांची डोकी घड्याळाच्या लंबकासारखी हलतात. तेव्हा वेग माणसाच्या चालीचा, आणि मुलं त्यांच्या बांधलेल्या खुर्च्यांतच. वाट कितीही निवांत दिसली तरी मांडीवर कुणी नाही.

आणि ऋतू. पावसाळ्यात ही वाट लोण्यासारखी होते आणि होळीपर्यंत तिचा फुफाटा झालेला असतो. मधले मार्गशीर्षाचे दिवस सोन्यासारखे. चिखल वाळून चाकोऱ्या घट्ट झालेल्या आणि ओढ्यात मात्र मुलांच्या घोट्याएवढं पाणी शिल्लक. डिसेंबरातला पहिला शनिवार मी त्या हिशेबाने धरला. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, खिशात आलेपाक. गाडी लागणाऱ्या पोरासाठी आलेपाकासारखं औषध नाही, असं माझी आजी म्हणायची. ते खरं असो वा नसो, चघळताना तो रडत नाही.

नसरापूरला हमरस्ता सोडला आणि बनेश्वराच्या झाडीत पहिला थांबा घेतला. खरं तर पुण्यापासून इतक्या जवळ थांबायची गरज नव्हती. पण लहान मुलांना घेऊन निघताना पहिला थांबा लवकर द्यावा. मग पुढचे उशिरा दिले तरी ती विश्वास ठेवतात. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं हे देऊळ डिसेंबरात ओलसर, गार आणि रिकामं असतं. कुंडातल्या माशांना बघून धाकटा पोटावर पालथा पडला. थोरलीला मी घंटा दाखवली. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या हाती लागलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ही एक. "म्हणजे ही चर्चमधली?" हो. "मग तिला देवळात वाजायला चालतं?" पुजारी कोपऱ्यात फुलं निवडत होते. त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "अडीचशे वर्षं वाजतेय, तक्रार नाही तिची."

मार्गासनी, विंझर. भाताची कापणी उरकली होती आणि खाचरांतून नुसते सड उभे होते. खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. हवेत तो वाळक्या पेंढ्याचा वास, जो शहरात वाढलेल्या माझ्या मुलांना 'बिस्किटाचा वास' वाटला. मला आधी हसू आलं, मग काच खाली करून मीही हुंगलं. वास बिस्किटाचाच होता.

वेल्ह्यात शिरताना तोरणा समोर उभा राहतो, १४०३ मीटरचा. नवऱ्याने मागे वळून शिवाजीमहाराजांनी हा गड घेतल्याची गोष्ट सुरू केली. ती गुप्तधनापर्यंत आली तेव्हा दोघंही जागी झाली. त्यांच्या मते ते धन अजून थोडं तरी वर उरलेलं असणार. चहाच्या टपरीवरच्या माणसानेही याला दुजोरा दिला आणि धाकट्याला क्रीमरोल फुकट दिला. पुण्यात मुलाला अनोळखी माणसाने खाऊ दिला की मी दोन पावलं पुढे होते. इथे माझा हात अर्धाच उठला. त्या माणसाच्या ते लक्षात आलं असावं. दुसरा क्रीमरोल त्याने स्वतः खाल्ला, आमच्याकडे बघत, शांतपणे.

वेल्ह्यानंतर रस्ता अरुंद होतो. पासलीवरून चढून केळद खिंड ओलांडली की हवाच वेगळी लागते. वाळलेल्या गवताचं पिवळं पठार, वर कापशी घार एका जागी पंख फडफडवत लटकलेली. गावाच्या शेवटच्या घराशी मी गाडी थांबवली आणि चारही चाकांची थोडी थोडी हवा सोडली. चाक जरा मऊ झालं की ते दगडाला धडकत नाही, दगडावर बसतं. मागच्या दोन खुर्च्यांना हा फरक फार जाणवतो. हवा सोडायचं काम मुलांना दिलं होतं. व्हॉल्व्ह दाबला की फुस्स. पाच मिनिटांत गावातली सहा पोरं जमली आणि प्रत्येकाला एकेक फुस्स हवा झाला. एका म्हाताऱ्या बाईंना मात्र काळजी वाटली. "भरलेली हवा सोडताय? पंप तर वेल्ह्याला हाय." गाडीतला हवा भरायचा छोटा पंप मी त्यांना दाखवला. "मग ठीक," म्हणाल्या, पण चेहऱ्यावरून ठीक वाटलं असं दिसलं नाही.

मावशी वाट दाखवायला तयारच होत्या, नऊवारीचा काष्टा आवरून, हातात कोयता. गाडीत चारच जागा. मी ओशाळून काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुम्ही या गाडीतनं. मी जाते पायवाटेनं." आणि गेल्यासुद्धा.

वाट खरंच चांगली होती. लाल मुरूम, मधे गवताची रांग, दोन्ही बाजूला स्पष्ट चाकोऱ्या. मला चाकोरी या शब्दाबद्दल एरवी राग आहे. चाकोरीतलं आयुष्य वगैरे म्हणून आपण तिला फार बदनाम केलंय. इथे मात्र चाकोरी सोडणं हा गुन्हाच. बाजूच्या गवतात गाडी घातली की पुढच्या पावसात तिथून माती वाहते आणि वर्षभरात गावाच्या चराईत एक ओहळ तयार होतो. मुलांना आम्ही हे सांगितलं होतं. थोरली खिडकीतून पहारा देत होती : "आई, डावं चाक गवतावर!" एका चढावर सुटे गोटे होते. तिथे नवऱ्याने दोघांना उतरवून वरच्या अंगाला, माझ्या नजरेच्या टप्प्यात उभं केलं आणि मी फोर-लोचा, म्हणजे चारही चाकांना सावकाश जोर देणारा, दांडा ओढला. गाडी मुंगीसारखी चढली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आख्ख्या दिवसात त्या दांड्याचं काम एवढंच. पण गाडी घेताना मी त्या दांड्यासाठीच हटून बसले होते, त्यामुळे नवऱ्याकडे मी बघितलं नाही.

मग समोरून बैलगाडी आली. पेंढा इतका भरलेला की वाटेची दोन्ही टोकं बुजलेली. आमच्या हौशी मंडळींत एक संकेत आहे : चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. चढत मी होते. पण बैल मागे सरकत नाहीत, आणि इंजिनाच्या आवाजाला बिचकले तर पेंढ्यासकट खाली जातील. मी इंजिन बंद केलं. गाडीवान बाबा खाली उतरले, बैलांच्या वेसणी धरून उभे राहिले आणि वाट बघू लागले. आमची नव्हे, मला उमजण्याची. मी उलटा गिअर टाकला.

दोनशे पावलं मी गाडी मागे नेली. एका हाताने बैल सांभाळत बाबा दुसऱ्या हाताने मला खुणावत होते, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बास!" मुलगा मागच्या काचेतून, मुलगी बाजूच्या काचेतून तेच ओरडत होती. रुंद जागा मिळाल्यावर मी बाजूला झाले. बैल घुंगरं वाजवत शेजारून गेले, इतक्या जवळून की एकाचा ओला श्वास काचेवर उमटला. बाबा थांबले. आमच्या जिमनीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "ह्याला किती बैलांचं बळ?"

"एकशेतीन घोड्यांचं," नवरा अभिमानाने म्हणाला.

बाबांनी जरा विचार केला. "घोडं नांगराला धरत न्हाई," म्हणाले आणि गेले.

ओढ्यावर पोचलो तेव्हा मावशी पलीकडच्या दगडावर बसून दात कोरत होत्या. कोयत्याने तोडलेल्या काटक्यांची मोळीही बांधून झाली होती. पाणी मी काठीने मोजणार होते. तसं वहीत लिहिलंच होतं. पण धाकटा आधीच मधोमध उभा होता आणि पाणी त्याच्या घोट्याला लागत होतं, तेव्हा काठी टाकून दिली. इथे आम्ही कितीतरी वेळ होतो. मला पुढे कड्याकडे जायचं होतं, प्रकाश चांगला होता तोवर फोटो घ्यायचा होता. मुलांना कुठेच जायचं नव्हतं. एका दगडाखाली खेकडा होता. तो नांगी वर करून बाहेर यायचा, पोरं किंचाळायची, तो आत जायचा. हे कितीदा झालं ते मी मोजणं सोडलं.

नवऱ्याने जांभळाचं पान पाण्यात सोडलं आणि म्हणाला, "हे कुठे जाईल?" मग मुलांना दाखवलं : खिंडीच्या त्या बाजूला पडलेला पाऊस कानंद नदीतून गुंजवणीला, तिथून नीरेला, भीमेला, कृष्णेला, आणि पार बंगालच्या उपसागराला जातो. आणि हे पाणी थोडं पुढे जाऊन कड्यावरून खाली पडतं, महाडकडे, सावित्रीच्या खोऱ्यात, आपल्या कोकणच्या समुद्राला. धाकट्याने मावशींना विचारलं की समुद्र तुम्ही बघितलाय का. "वरनं दिसतो म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "मला तर दिसला न्हाई कधी. धुकंच असतं."

कड्याशी मुलांना नेण्याबद्दल मी घरी बराच वाद घातला होता. कठडा नाही, वारा आहे, खाली शेकडो फुटांचा तुटलेला पहाड. ठरलेलं असं होतं की वीस पावलं अलीकडे बसायचं. मावशींची पद्धत वेगळी. त्यांनी थोरलीला पोटावर झोपवलं, स्वतः तिच्या पायांवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता बघ." मग धाकट्याची पाळी. कड्यावरून खाली बघताना उभं राहायचंच नाही, एवढा साधा नियम माझ्या वहीत नव्हता. लक्ष्मी धबधबा डिसेंबरात दोरीएवढा उरतो आणि वाऱ्याने ती दोरी मधेच विरते. खाली महाड तालुक्यातल्या वाड्यांची छपरं, शेतांचे तुकडे, कुठेतरी धूर.

"मढे घाट म्हणजे काय?" थोरलीने पालथं असतानाच विचारलं.

मी म्हटलं, जुना घाट, कोकणात उतरायचा. आम्ही घरी मृत्यूबद्दल फार सांभाळून बोलतो. आजोबा गेले तेव्हा 'देवाघरी' म्हटलं, मग देवाचं घर कुठे, यावर महिनाभर अडचण झाली. मावशींनी आडपडदा ठेवला नाही. "मढं म्हणजे मेलेलं माणूस. तान्हाजी मालुसरे सिंहगडावर पडले. त्यांचं मढं ह्या वाटेनं खाली नेलं." १६७० च्या फेब्रुवारीतली गोष्ट. घाटाला त्यावरूनच नाव पडलं असं इथे सगळेच सांगतात.

"एवढ्या लांब का नेलं?"

"त्यांचं घर खाली व्हतं ना, उमरठला. घरी न्यायचं व्हतं."

थोरली बराच वेळ खाली बघत राहिली. तिला ते पटलं असावं. थोड्या वेळाने म्हणाली, "रस्ता नव्हता ना तेव्हा." मावशी म्हणाल्या, "हीच की वाट."

जेवण मावशींच्या ओसरीवर. नाचणीची भाकरी, काळ्या घेवड्याची आमटी, इंद्रायणीचा मऊ भात, मुलांसाठी दूध-गूळ. धाकट्याने घरी कधी तोंडाला न लावलेली भाकरी दुधात कुस्करून संपवली, कारण शेजारी बसलेला मावशींचा नातू तसंच करत होता. आमच्या दशम्या मावशींच्या सुनेने अगत्याने मागून घेतल्या. तिथे रिवाज असा दिसला की पाहुण्याने काही आणलं असेल तर ते सगळ्यांत वाटलं गेलंच पाहिजे. आमच्याकडे डबा हा ज्याचा त्याचा असतो. पैसे द्यायला गेले तेव्हा मावशींनी जेवणाचे घेतले, अगदी मोजून. वाट दाखवल्याचे म्हणून काढलेली नोट मात्र माझ्याच पर्समध्ये परत कोंबली. "वाट काय माझी हाय?"

निघताना सुनेने विचारलं, तुमच्याकडचे मोठमोठ्या गाड्यावाले मुद्दाम मातीवर का येतात. मी मुलांना मोकळं वाटावं, रान बघावं, असं काहीतरी म्हणाले. ती हसली. "आम्ही डांबरासाठी अर्ज करून दमलो." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. डांबर आलं की आम्ही येणार नाही, आणि ते यायलाच हवं. या दोन्ही गोष्टी मला एकदम खऱ्या वाटत होत्या आणि त्यावर काही बोलायला सुचलं नाही.

चाकांत पुन्हा हवा भरली. त्याचा आवाज फुस्सइतका लोकप्रिय झाला नाही. तीनच्या आत परत फिरायचं हा नियम मी पाळला, कारण डिसेंबरात सहाला दिवस बुडतो आणि अंधारात दगड आणि बैल दोन्ही दिसत नाहीत. "पोचल्यावर फोन करा," मावशी म्हणाल्या. मी हो म्हटलं, जसं आपण म्हणतो. वेल्ह्याच्या आधीच मागची दोन्ही डोकी एकमेकांच्या दिशेने कलली होती.

घरी सासूबाईंनी विचारलं, काय काय बघितलं? मी वाट पाहत होते कड्याची, तोरण्याची, निदान घंटेची. धाकटा म्हणाला, "आईने गाडी उलटी चालवली!" थोरली म्हणाली, "आणि खेकडा." मग दोघंही अंघोळीआधी कुणी खिशातले दगड ठेवायचे यावर भांडू लागली.

वहीत शेवटचा मुद्दा होता : कुणाला तरी सांगून जायचं. केळदच्या आसपास फोनच्या रेंजचा भरवसा नसतो. मी भावाला बजावलं होतं, साडेसातपर्यंत आमचा फोन आला नाही तर चौकशी सुरू कर. पावणेनऊला आठवलं, मी त्याला फोन केलाच नाही. त्यानेही केला नव्हता. मी त्याच्यावर चिडायला फोन उचलला तेवढ्यात तोच वाजला. मावशी होत्या. वाऱ्याचा भणभणाट, लांब कुत्रं भुंकत होतं.

"पोचला न्हवं? फोन न्हाई आला."

मी ओशाळले. म्हटलं, मावशी, रेंज आहे का आज घरी?

"घरी कुठली? वर खिंडीच्या अंगाला आलीय. टेकाडावर येती जरा." मग घाईने, "बारक्याची टोपी ऱ्हायलीया हितं. लाल. उन्हाळ्यात या करवंदं खायला, तवा न्या. ठेवते आता, बॅटरी संपत आलीय."

त्यांची बॅटरी म्हणजे फोनची की हातातल्या टॉर्चची, ते विचारायचं राहिलं.